राजारामपुरीतला रविवारचा गॅस डायनॅमिक्स क्लास : माझा अनुभव

गॅस डायनॅमिक्स, म्हणजे वेगाने वाहणाऱ्या वायूंचं शास्त्र, हा माझा राहिलेला विषय. फॉर्म्युले पाठ होते, पण पेपरात गणित जरा फिरवून आलं की हात थांबायचा. मैत्रिणीने कोल्हापुरात राजारामपुरीतला हा क्लास सुचवला. आठ रविवार, सकाळी आठ ते अकरा, फी 3,500 रुपये. मी कागलहून एसटीने यायचे.

पहिल्या रविवारी सरांनी फळ्याला हातच लावला नाही. कोपऱ्यात कॉम्प्रेसर, त्याला रेग्युलेटर, पुढे रोटामीटर (किती हवा जाते ते आतल्या फ्लोटच्या उंचीवरून दाखवणारी नळी), मग पितळी नोझल आणि शेवटी व्हॉल्व्ह. नोझलच्या दोन्ही बाजूंना गेज. नोझल उद्यमनगरात लेथवर करून घेतलेलं, निमुळतं, तोंड 2 मिलिमीटरचं. माझे बाबाही लेथवरच असतात, त्यामुळे मी आधी दुसरं सुटं नोझल उजेडाकडे धरून आत बघितलं. टूलची एक रेघ नव्हती.

सरांनी नोझलच्या मागचा, कॉम्प्रेसरकडचा दाब 4 बारवर धरला आणि मला व्हॉल्व्ह हळूहळू उघडायला लावला. पुढचा दाब उतरत गेला तसा रोटामीटरमधला फ्लोट वर चढत गेला. पुढचं गेज 1.6 आणि 1.7 च्या मध्ये आलं आणि फ्लोट थांबला. मी व्हॉल्व्ह सगळा उघडला, गेज आणखी उतरलं, फ्लोट तसूभर हलला नाही. चोकिंग म्हणजे हे: पुढचा दाब आणखी उतरवला तरी हवा तेवढीच जाते. तीन वेळा करून बघितलं.

वहीत मात्र माझं उत्तर चुकत होतं. चोकिंग सुरू होताना पुढचा दाब मागच्या दाबाच्या किती पट, तर हवेसाठी 0.528, म्हणून 4 ला गुणून 2.11. सरांनी एवढंच विचारलं, "गेज शून्यावर असतं तेव्हा खोलीत हवा नसते का गं?" कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास, इथे हवेचाच दाब साधारण 0.95 बार, आणि गेज फक्त त्याच्या वरचा दाब दाखवतं. म्हणजे 4.95 गुणिले 0.528, 2.61. त्यातून 0.95 वजा केले की 1.66. काटा तिथेच होता! परीक्षेत माझे मार्क याच चुकीने जात होते.

कारणही सरांनी फार छान सांगितलं. पुढे दाब उतरल्याची खबर हवेतून ध्वनीच्या वेगानेच मागे जाते. नोझलच्या तोंडाशी हवाच त्या वेगाने सामोरी येत असेल, तर खबर मागे पोचणार कशी? पंचगंगा भरून वाहत असताना धारेविरुद्ध पोहणारा जसा जागच्या जागी राहतो, तसं.

नॉर्मल शॉकसाठी (ध्वनीपेक्षा वेगवान प्रवाहात काटकोनात आडवी येणारी, दाब एकदम वाढवणारी लाट) तयार आकड्यांचं टेबल बघायच्या आधी ग्राफ पेपरवर हाताने आलेख काढून घेतले. माक 2 ला, म्हणजे ध्वनीच्या दुप्पट वेगाला, शॉक आला की पुढे माक 0.577, दाब 4.5 पट, तापमान 1.69 पट. एकूण तापमान (प्रवाह अलगद थांबवला तर येईल ते) तेवढंच राहतं, तसाच मोजलेला एकूण दाब मात्र 72 टक्क्यांवर येतो. नुकसान कुठे होतं ते त्या दिवशी कळलं. फॅनो (घर्षण असलेल्या नळीतला प्रवाह), रेले (उष्णता दिलेल्या नळीतला प्रवाह) हेही निवांत झालं.

तक्रारी दोन. टेबलांची झेरॉक्स इतकी फिकट की 0.577 आहे की 0.517 तेच कळत नाही. स्वतःची स्वच्छ प्रत घेऊन जा. आणि ऑब्लिक म्हणजे तिरपा शॉक व एक्स्पान्शन फॅन (प्रवाह बाहेरच्या बाजूला वळताना पसरतो आणि दाब उतरतो तो भाग) एकाच रविवारी उरकले. तिरप्या शॉकचा कोन आणि प्रवाह वळण्याचा कोन यांत अजूनही निम्म्या बॅचचा घोळ होतो. त्यासाठी नववा रविवार हवा, असं मी सरांना सांगितलंय. ठेवला तर वेगळी फी भरूनही येईन.