कुडाळातून आणलेली पिल्लं आणि ब्रूडर
जूनमध्ये कुडाळच्या एका दुकानातून वनराजा जातीच्या कोंबड्यांची एक दिवसाची 25 पिल्लं आणली. सगळी तरतरीत, बेंबी सुकलेली, मरेक्स रोगाची लस टोचलेली. दुकानदारदादांनी पहिलं पाणी गुळाचं द्यायला सांगितलं, आणि सातव्या दिवशी लासोटाची, म्हणजे राणीखेत रोगाच्या लशीची, आठवण करायला स्वतः फोन केला. एवढं कोण करतं!

त्यांच्याकडचं ब्रूडर, म्हणजे पिल्लांना बल्बची ऊब द्यायचं कडं, मात्र बेताचं. पत्र्याचं कडं चांगलं, पण बल्ब एकाच उंचीवर. पहिल्या आठवड्यात पिल्लांना 35 अंशांच्या आसपास ऊब लागते, मग दर आठवड्याला तीनेक अंश कमी. बल्ब वर घेता आला नाही तर कसं करायचं? शेवटी आमच्या ह्यांनी तो दोरीने पडवीच्या वाशाला टांगला. पिल्लं बल्बखाली गोळा झाली की गारठलीत, कडेला जाऊन चोच उघडून बसली की उकडतंय, एवढं बघत राहायचं.

पाण्याचं भांडं तर झिरपतंच. आमच्याकडच्या पावसात पिल्लांखाली अंथरलेला तूस भिजला की सुकत नाही, आणि ओल्या तुसातूनच रक्ती हगवण पसरते. मी दिवसातून दोनदा तूस बदलला. तरी एका रात्री वीज गेली आणि गरम पाण्याच्या बाटल्या ठेवेपर्यंत दोन पिल्लं गेली. फार वाईट वाटलं.

आता पाचवा आठवडा. पिसं भरलीत. पाऊस उघडला की खळ्यात जाळीखाली सोडते, घार आणि मुंगूस दोन्ही टपलेली असतात. पिल्लं पुन्हा तिथूनच घेईन, भांडं नाही.