कॉम्प्रेशन बायोरिअ‍ॅक्टर: मशीन घ्या, पण पहिले तीन आठवडे चालू करू नका

कॉम्प्रेशन बायोरिअ‍ॅक्टर म्हणजे लॅबमध्ये वाढणाऱ्या टिश्यूला ठरावीक तालात दाबणारं मशीन. दोन वर्षं वापरतोय, म्हणून लिहितोय. कंपनीचं नाव देत नाही, इथल्या बऱ्याचशा गोष्टी अशा कुठल्याही मशीनला लागू आहेत.

आमच्या लॅबमध्ये बोन मॅरोमधल्या स्टेम सेलपासून कार्टिलेज वाढवायचं काम चालतं, म्हणजे लोक "गुडघ्यातली गादी झिजली" म्हणतात ना, ती गादी. सेल अगारोजच्या जेलमध्ये मिसळायच्या (चायना ग्रास शुद्ध करत गेलं की अगारोज मिळतं), जेल घट्ट झालं की पंचने गोल टिकल्या कापायच्या, 5 मिमी रुंद, सव्वादोन मिमी जाड. मशीन त्या टिकल्या वरून दाबतं आणि सोडतं, सेकंदाला एकदा, साधारण चालताना गुडघ्यावर भार येतो त्या तालात. सोडणं फार महत्त्वाचं आहे, कारण नुसतं दाबून ठेवलं तर सेल मॅट्रिक्स (सेलच्या भोवतीचा कार्टिलेजचा आधार) बनवायचं कमी करतात. कार्टिलेजमध्ये रक्तवाहिन्या नसतात, तिथे जे काही पोचतं ते द्रवातूनच पोचतं, आणि दाबलं-सोडलं की तो द्रव आतबाहेर होतो. शिवाय दाब सेललाही कळतो, त्यांच्या पडद्यावर पिएझो1, टीआरपीव्ही4 अशी दारं असतात.

आता तक्रार, आणि तीच मोठी आहे. मॅन्युअलमध्ये "स्टेम सेल" म्हणून जे सेटिंग छापलंय ते मुळात तयार कार्टिलेज सेलचं आहे. टिकलीच्या जाडीच्या 10 टक्के दाब, 1 हर्ट्झ (सेकंदाला एकदा), एक तास चालू एक तास बंद असं दिवसातून तीनदा, आठवड्याचे 5 दिवस. हा 2000 सालचा कोलंबिया युनिव्हर्सिटीतला रॉबर्ट मॉक वगैरेंचा प्रोटोकॉल, त्यात वासराच्या कार्टिलेजमधल्या सेल होत्या आणि 28 दिवसांनी दाबलेली जेल न दाबलेल्यांपेक्षा सुमारे सहापट कडक झाली होती. जबरदस्त काम आहे ते. पण त्या सेलना आपण कोण आहोत हे आधीच माहीत होतं, आमच्यांना अजून ठरवायचं होतं! आम्ही मॅन्युअलवर विश्वास ठेवून तिसऱ्या दिवसापासून दाबायला सुरुवात केली आणि दोन बॅचेस गेल्या. टिकलीच्या पातळ कापाला सॅफ्रानिन-ओ (कार्टिलेजचं मॅट्रिक्स लाल करणारा रंग) लावलं की चांगला काप लालभडक दिसतो, आमचा फिकट गुलाबी, न दाबलेल्या कंट्रोलपेक्षाही फिकट. चार महिने गेले, आणि एकेका डोनरचा मॅरो मिळायला किती वाट बघावी लागते हे ज्यांनी केलंय त्यांनाच कळेल.

मग मॅडमनी मॉकच्याच नंतरच्या, पेनसिल्व्हेनियातल्या ग्रुपचा 2010 चा पेपर पुढे ठेवला. त्यात स्पष्ट आहे, स्टेम सेल कार्टिलेजकडे वळायच्या आधी दाबलं तर जेल कमकुवत होते, आणि टीजीएफ-बीटा3 (सेलना कार्टिलेजकडे वळवणारं प्रोटीन) देऊन तीन आठवडे शांत वाढवून मग दाबलं तर आणखी मजबूत होते. तोपर्यंत सेलने स्वतःभोवती कोलाजेन-2 आणि अ‍ॅग्रिकनचं (कार्टिलेजच्या मॅट्रिक्समधली मुख्य प्रोटीन्स) थोडं अंथरूण घातलेलं असतं, दाब त्यातून सेलपर्यंत येतो. आम्ही तिसरी बॅच 21 दिवस हात न लावता ठेवली, मग मशीन चालू केलं. तो काप मी मायक्रोस्कोपखाली पाहिला तेव्हा लाल रंग कडेपासून पार मधपर्यंत गेला होता, मी उठून सगळ्यांना बोलवून आणलं.

मशीन म्हणून बोलायचं तर मोटर छान आहे, आवाज नाही, महिनोन्महिने ताल चुकत नाही. पण झीरो रोज सेट करा, रोज म्हणजे रोज. टिकली दाबून दाबून जराशी बसते आणि वरची चकती तिला टेकतच नाही, स्क्रीनवर मात्र 10 टक्के दिसत राहतं. सव्वादोन मिमीचे 10 टक्के म्हणजे 0.225 मिमी, त्यात 0.1 मिमीची फट पडली तर जवळजवळ अर्धा दाब हवेत गेला. कधी टिकली चकतीला चिकटून वर उचलली जाते, तेही खिडकीतून डोळ्यांनी बघावं लागतं, सेन्सर सांगत नाही. इन्क्युबेटरच्या 37 डिग्रीत आणि दमट हवेत दोन स्क्रू गंजले, सर्विसवाल्या इंजिनिअरने स्टेनलेसचे बदलून दिले, पैसे घेतले नाहीत. लाईट गेली की प्रोग्राम पहिल्यापासून सुरू होतो, त्यामुळे यूपीएस पाहिजेच.

घेणार असाल तर दुसरा चेंबर सोबतच घ्या, तेच मीडिया (सेलना वाढवायचा पोषक द्रव), तीच प्लेट, फक्त दाब नाही, त्याशिवाय फरक दाबामुळे पडला की आणखी कशामुळे हे सांगता येत नाही. पाचपैकी चार स्टार, मॅन्युअलमधलं ते पान बदललं तर पाच देईन. कंपनीला मेल केलाय, पेपरही जोडलाय.