मनोरुग्णालय, तालुक्याची टीम की संस्था? नागपुरात केस मॅनेजरचं काम निवडताना

‘केस मॅनेजर पाहिजे’ अशी जाहिरात नागपुरात क्वचितच दिसते. काम मात्र, म्हणजे मनोरुग्णाचं औषध, घर आणि कागद यांचा पाठपुरावा, रोज चालतं, पाट्या तेवढ्या वेगळ्या. मनोरुग्णालयात ते समाजसेवा विभागाच्या टेबलावर होतं. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमात, म्हणजे तालुक्याला जाणाऱ्या टीममध्ये, ते सायकियाट्रिक सोशल वर्करकडे (मनोविकार समाजसेवकाकडे) असतं. स्वयंसेवी संस्थेत तेच काम करणाऱ्याला कोऑर्डिनेटर, काउन्सेलर, कम्युनिटी वर्कर, काहीही म्हणतात. मातृ सेवा संघ किंवा तिरपुडे महाविद्यालयातून एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) होऊन बाहेर पडलेल्यापुढे साधारण हेच तीन दरवाजे असतात.

पगार आणि पदनाम बघूच नका, असं कोणी म्हणणार नाही. पण त्यावरून काम कळत नाही. मुलाखतीत दोन गोष्टी विचारा. तुमच्या यादीत किती नावं असतील? आणि त्या माणसांसाठी तुमच्या हातात काय असेल: औषध, खाट, गाडी, की नुसता फोन?

यादीसाठी एक पट्टी जवळ ठेवा. अमेरिकेत विस्कॉन्सिनमधल्या मॅडिसन इथं १९७०च्या दशकात रुग्णालयातली टीमच वस्तीत नेऊन बसवण्याचा प्रयोग झाला. त्यातून आलेल्या पद्धतीत एका कार्यकर्त्यामागे साधारण १० माणसं धरतात. सघन केस मॅनेजमेंट म्हणतात त्यातही २०च्या वर जात नाहीत. इथं हा आकडा तुम्हाला कोणी देणार नाही. पण यादीत २०० नावं असतील तर ती फॉलोअपची नोंदवही आहे, एवढं ओळखून सही करा. नोंदवही सांभाळणं हलकं काम नव्हे, फक्त काम वेगळं आहे.

मनोरुग्णालय: हातात खाट, पण फाटकापर्यंतच

प्रादेशिक मनोरुग्णालय १८६४चं. राज्यात अशी चार आहेत. बाकीची ठाणे, येरवडा आणि रत्नागिरीला. ऑटोवाल्याला आजही ‘पागलखाना चौक’ म्हटलं की पुरतं, आणि घरच्यांचा संकोच तिथूनच सुरू होतो.

इथल्या समाजसेवकाचं निम्मं काम म्हणजे दिवस मोजणं. २०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यात कलम ८९खाली, म्हणजे नामनिर्देशित प्रतिनिधीच्या (रुग्णाच्या वतीनं बोलणाऱ्या, बहुधा घरच्या माणसाच्या) अर्जावर, दाखल केलेल्या माणसाला जास्तीत जास्त ३० दिवस ठेवता येतं. दाखल करायच्या दिवशी किंवा त्याआधीच्या सात दिवसांत दोघांनी स्वतंत्र तपासणी केलेली असावी लागते, त्यातला एक मनोविकारतज्ज्ञ. दाखल झाल्याची खबर मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाला (दाखल करणं योग्य होतं का ते बघणाऱ्या) सात दिवसांत द्यायची. बाई किंवा अल्पवयीन असेल तर तीन दिवसांत. तिसाव्या दिवसानंतर ठेवायचं तर कलम ९०, आणि त्याची कागदपत्रं नव्यानं. ही मुदत हुकते ती बहुतेक वेळा डॉक्टरमुळे नाही. नातेवाइकानं दिलेला फोन नंबर लागत नाही आणि ते पंचविसाव्या दिवशी लक्षात येतं, म्हणून हुकते. दाखल होतानाच दोन वेगळ्या घरांतले दोन नंबर घ्यावेत आणि समोर बसून दोन्ही वाजवून बघावेत.

उरलेलं निम्मं काम म्हणजे घर शोधणं. हावडा–मुंबई आणि दिल्ली–चेन्नई या दोन्ही मार्गांच्या गाड्या नागपुरावरून जातात, त्यामुळे पोलिसांनी आणलेला बेघर माणूस कुठल्याही राज्यातला असू शकतो. जिल्हा विचारून बहुधा काही निघत नाही. आठवडी बाजार कुठल्या वारी भरतो, नदीचं नाव काय, मोठ्या गावाला जायला कुठून गाडी मिळते, लग्नात काय रांधतात, असं विचारलं की धागा लागतो. मग त्या भागातलं पोलीस ठाणं, सरपंच, शाळेचे मास्तर. औषधाचा असर बसल्यावर, दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात हेच प्रश्न पुन्हा विचारायचे. पहिल्या दिवशीचं ‘माहीत नाही’ हे उत्तर कायमचं धरू नये.

इथं शिकायला मिळतं तेवढं दुसरीकडे मिळत नाही. तीव्र अवस्थेतला स्किझोफ्रेनिया, उन्मादाचा झटका, इसीटीची (विजेच्या झटक्याच्या उपचाराची) तयारी, क्लोझापिन या औषधाची सुरुवात, सगळं एका आवारात. उणीव एकच, पण ती मोठी: माणूस फाटकाबाहेर गेला की तुमच्या नजरेआड. कलम ९८मध्ये डिस्चार्जची आखणी सांगितली आहे, पण ती प्रत्यक्षात येते का हे तुम्हाला कळतं ते तो परत दाखल झाल्यावर. क्लोझापिनचंच घ्या. पहिले १८ आठवडे दर आठवड्याला रक्ततपासणी लागते. भिवापूरकडच्या खेड्यात राहणाऱ्यानं ती कुठं करायची, रिपोर्ट कोण बघणार, हे डिस्चार्ज कार्डावर लिहिलेलं नसेल तर तिसऱ्या आठवड्यात औषध बंद झालं म्हणून समजा. आणि मधे ४८ तासांहून जास्त खंड पडला तर जुना डोस तसाच परत सुरू करता येत नाही; डॉक्टरच्या सल्ल्यानं १२.५ मिलिग्रॅमपासून पुन्हा चढवावा लागतो. घरचे नेमकं उलट करतात, राहिलेल्या गोळ्या एकदम देतात.

तालुक्याची टीम: हातात औषध, पण महिन्यातून एकदा

राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२चा, जिल्हा पातळीवर तो आला १९९६ला. तज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, समाजसेवक, नर्स अशी टीम ठरलेल्या वारी ग्रामीण रुग्णालयात ओपीडी घेते. नागपूर जिल्ह्यात १४ तालुके, म्हणजे नरखेडची ओपीडी म्हटली की सकाळी लवकर निघायचं आणि दिवस तिथंच गेला. पदं बहुतेक कंत्राटी असतात.

शहरातल्या संस्थेला हेवा वाटावा अशी गोष्ट इथं आहे: औषध फुकट, आणि गावात आशाताई. पण जो मार्चमध्ये आला नाही तो आला नाही हे एप्रिलमध्ये कळतं. गैरहजेरीलाही हंगाम असतो. जूनमध्ये पेरणी, दिवाळीपासून कापूसवेचणी, काटोल-नरखेडकडे संत्र्याचा तोडा. त्या महिन्यांत ओपीडी ओस पडली तर ‘पेशंट सहकार्य करत नाहीत’ असं लिहू नये. रोजी बुडवून कोण येईल? महिन्याऐवजी पंधरा दिवसांच्याच गोळ्या दिल्या तर त्या घराचा येण्याजाण्याचा खर्च दुप्पट होतो, हे स्टोअरच्या वहीत दिसत नाही. नवीन खरेदीत गोळीचा रंग बदलला की ‘ही ती गोळी नाही’ म्हणून डबा फळीवर राहतो. नवा साठा आला की आशाताईला त्या गोळीचा फोटो पाठवणं, हे एवढंसं काम बरंच वाचवतं.

आणि इथला उन्हाळा. हे काम घेणाऱ्यानं लिथियमवरच्या (मनःस्थिती स्थिर ठेवणाऱ्या औषधावरच्या) माणसांची वेगळी यादी होळीलाच काढावी. पारा ४५ला टेकतो, घाम जातो, अंगातलं पाणी-मीठ कमी होतं आणि रक्तातलं लिथियम वाढतं. त्यात अंगदुखीसाठी दुकानातून डायक्लोफिनॅक किंवा आयब्युप्रोफेन घेतलं तर आणखी. लिथियम वाढल्याच्या खुणा: हगवण, उलट्या, हाताला ठळक कंप, चालताना झोक जाणं, जीभ जड होणं. घरचे म्हणतात ऊन लागलं, आणि पन्हं देऊन निजवतात. डॉक्टरलाही तसंच वाटू शकतं, म्हणून ‘हा लिथियमवर आहे’ हे वाक्य सोबत आलेल्यानं दारातच म्हणायला हवं. लिथियमची पातळी तपासायचं रक्त शेवटच्या गोळीनंतर १२ तासांनी घेतात. ओपीडी दहाला असेल तर रात्रीची गोळी दहालाच, आणि सकाळची रक्त दिल्यावर, हे आधीच्या दिवशी फोन करून सांगायचं. नाही सांगितलं तर आकडा फसवा येतो आणि डोस उगाच कमी होतो.

संस्था: हातात वेळ, पण प्रकल्प असेतोवर

पुस्तकात लिहिलेल्या केस मॅनेजरच्या सर्वांत जवळ जाणारं काम इथं मिळतं. यादी ३०–४०ची, आठवड्याला घरभेटी, बँकेपासून भांडणापर्यंत सगळ्यात सोबत. म्हणून चुका दिसतातही इथंच.

घरभेटीत काय करायचं? पहिली दहा मिनिटं औषधाचा विषय काढू नका. चहा, झोप, जेवण, बाहेर पडला का, हे झालं की डबा मागा आणि मोजा. रात्रीची एक गोळी, १ तारखेला ३० दिल्या. १२ तारखेला दुपारी गेलात तर अकरा रात्री झाल्या, १९ उरायला हव्यात. २६ उरल्या म्हणजे सात चुकल्या. ८ उरल्या तर तेही वाईट. कोणीतरी झोप लागत नाही म्हणून दोन-दोन देतंय, किंवा घरात दुसरंच कोणी घेतंय. रिकाम्या पाकिटावरून खाल्ली असं समजू नये. आकडा कळला की रागावू नका, कारण विचारा. या भागात दर दुसऱ्या घरात एकच उत्तर येतं: “चांगला झाला न आता, काहून द्याच्या गोळ्या?” यावर व्याख्यान उपयोगी पडत नाही. मागच्या वेळी बंद केल्यावर किती दिवसांनी झोप उडाली होती, हे त्यांच्याच तोंडून काढा आणि ती तारीख कॅलेंडरवर लिहा.

भेटीला पहिल्यांदा जाताना दोघं जा, कुठं जातोय ते ऑफिसात सांगून जा, आणि दाराच्या बाजूला बसा, पण दार अडेल असं नको. माणूस चिडलेला असेल तर भेट आटोपती घ्यायची. पूर्ण करायचीच असा हट्ट नको. रात्रीच्या फोनसाठी स्वतःचा नंबर वाटण्यापेक्षा टेलि-मानस या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ डब्याच्या झाकणावर चिकटवा. स्वतःचा दिलात तर पहिल्या वर्षातच थकाल.

दिव्यांग प्रमाणपत्राचं काम संस्थेत हमखास गळ्यात पडतं, आणि ते बिघडतं फार साध्या कारणानं. मनोविकारासाठी आयडियाज नावाची मोजणी वापरतात: स्वतःची निगा, माणसांशी वागणं, संवाद व समज, काम. प्रत्येकी ० ते ४. त्यात आजार किती जुना याचे १ ते ४ गुण मिळवतात. एकूण २० पैकी ७ला ४० टक्क्यांची रेषा येते, आणि बहुतेक सवलती त्या रेषेपासून. घरचे काय करतात? दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून त्याला नेतात, सोबत येतो तो दूरचा भाचा, ज्याला काही माहीत नाही. जुने केस पेपर ‘नको त्या आठवणी’ म्हणून कधीच जाळलेले. मग बारा वर्षांचा आजार कागदावर दोन वर्षांचा होतो आणि गुण तिथंच गळतात. रोज सोबत राहणारं माणूस, मेडिकल किंवा मेयो या नागपुरातल्या सरकारी रुग्णालयांच्या ओपीडीचे जुने कागद, आणि आधार. हे जमल्याशिवाय तारीख घेऊ नये. प्रमाणपत्र आल्यावर संजय गांधी निराधारचा अर्ज तहसीलमध्ये. ‘निरामय’ विमा मात्र नुसत्या मनोविकाराला लागू नाही. तो बौद्धिक अक्षमता, स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी आणि बहुविकलांगतेसाठी आहे. तरी त्याचे अर्ज भरून देणारे एजंट भेटतात.

संस्थेची खोट अशी की प्रकल्प संपतो. देणगीदार बदलला की वस्ती बदलते, आणि ४० घरांना सांगायला तुम्हालाच जावं लागतं. मुलाखतीत सरळ विचारा: निधी कधीपर्यंत आहे, आणि संपल्यावर यादी कोणाकडे जाते? उत्तर गुळमुळीत आलं तर तेही उत्तरच.

खासगी पुनर्वसन केंद्राबद्दल थोडक्यात. पैसे घरचे देतात, राहतो दुसराच, आणि ‘ठेवा अजून सहा महिने’ हा आग्रह तुमच्याकडे येतो. राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाची नोंदणी दाखवायला सांगा. व्यसनमुक्तीच्याच खोल्यांत मनोरुग्ण ठेवलेले दिसले, किंवा कोणाला बांधून ठेवल्याची नोंद आणि मनोविकारतज्ज्ञाची परवानगी वहीत नसली, तर रुजू होऊ नका. साखळी तर कायद्यानं बंदच आहे.

पदवीचा एक पेच

कायद्याच्या व्याख्येत सायकियाट्रिक सोशल वर्कर म्हणजे एमएसडब्ल्यूनंतर दोन वर्षांचं पूर्णवेळ एम.फिल. केलेला. नुसत्या एमएसडब्ल्यूवर संस्थेत काम मिळतं, कंत्राटी जागाही मिळू शकते. पण कायद्यात जिथं मानसिक आरोग्य व्यावसायिकाची सही लागते तिथं तुमची चालत नाही. दहा वर्षं याच क्षेत्रात काढायची असतील तर मनोरुग्णालयातला अनुभव आधी आणि एम.फिल. लवकर, हा क्रम बरा. मात्र विद्यापीठ अनुदान आयोगानं एम.फिल. गुंडाळताना या अभ्यासक्रमाला फक्त मुदतवाढ दिली होती, तेव्हा प्रवेश घेण्याआधी त्या वर्षीची स्थिती बघा. ज्याला घरांत शिरून काम करायचंय आणि कागद आवडत नाहीत, त्यानं संस्थाच घ्यावी. ज्याला प्रवास सोसत नाही त्यानं तालुका घेऊ नये, मे महिन्यात पश्चात्ताप होतो.

हो म्हणण्याआधी एक दिवस तिथं बसायला मागा. मनोरुग्णालयात डिस्चार्जच्या टेबलाजवळ, तालुक्यात औषधखिडकीपाशी, संस्थेत घरभेटीवर. जाताना गेल्या तीन महिन्यांची फॉलोअपची वही बघू द्या म्हणावं. ‘आला नाही’ असा शिक्का असलेल्या ओळींपुढचा रकाना वाचा. तिथं ‘फोन केला, बंद’, ‘१८ला घरी गेलो, भाऊ भेटला’ असं काही लिहिलेलं असेल तर तिथं काम चालतं.