लँडलॉर्ड प्यावी ती पिंपातलीच

यॉर्कशायरमध्ये राहून माझं एक मत पक्कं झालंय: बिटर, म्हणजे इंग्लंडची कडवट बिअर, घ्यायची तर टिमथी टेलर या ब्रुअरीची लँडलॉर्ड. कीथली गावची, 4.3 टक्के अल्कोहोलची. तळघरातल्या पिंपातून हातपंपाने ओढतात, साधारण 12 अंशांवर. गारढोण अजिबात नाही. रंग तांबूस सोनेरी. आधी गोल्डन प्रॉमिस जातीच्या बार्लीचा बिस्किटासारखा गोडवा, मग संत्र्याच्या सालीचा वास, आणि घोट गिळल्यावर घशाशी रेंगाळणारा स्वच्छ कडूपणा. तोच मला सगळ्यात आवडतो! फसफस बेताचीच, म्हणून तर माल्टची, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या बार्लीची, चव दबत नाही. बाटलीतली ठीक आहे, पण ती मजा नाही. उघडलेल्या पिंपातली बिअर तीनेक दिवसांत शिळी होते, तेव्हा पिंप पटकन संपणारा गर्दीचा पब गाठा.