स्तनाच्या ऑपरेशनआधी एमआरआय, की मॅमोग्राफी-सोनोग्राफी पुरे?

कर्करोगाची गाठ छोटी, बायोप्सी (तुकडा काढून तपासणी) झालेली, स्तन वाचवून ऑपरेशन ठरलेलं. मग एमआरआय कशाला? मॅमोग्राफी आणि सोनोग्राफी स्वस्त, सहज होणारी, आणि बऱ्याच जणींना तेवढ्यावर भागतं. एमआरआयसाठी पालथं झोपायचं, शिरेतून गॅडोलिनियम (चित्र स्पष्ट करणारं औषध) घ्यायचं. तो जास्त दाखवतो, यात वाद नाही. पण जास्त दिसलं म्हणजे ऑपरेशन नेमकं झालं, असं नाही. ब्रिटनमधल्या 'कॉमिस' चाचणीत (२०१०) १,६२३ स्त्रिया होत्या. एमआरआय केलेल्या आणि न केलेल्या, दोन्ही गटांत १९ टक्क्यांना पुन्हा ऑपरेशन लागलं. उलट स्वीडनमधल्या एका चाचणीत ५६ वर्षांखालच्या स्त्रियांत तेच प्रमाण एमआरआयशिवाय १५ टक्के, एमआरआयसह ५ टक्के निघालं.

माझं मत विचाराल तर सरसकट नको. मॅमोग्राफीला हुलकावणी देणारा लोब्युलर (दूधग्रंथींत सुरू होणारा) कर्करोग, स्तनाच्या कर्करोगाचा धोका वाढवणारा बीआरसीए जनुकातला दोष, किंवा काखेत गाठ पण स्तनात काहीच सापडत नाही, अशा वेळी एमआरआयचे पैसे वसूल. आधी केमो दिली असेल तर गाठ किती आटली हेही तोच जास्त नीट सांगतो.

एक मात्र: त्यात नवा ठिपका दिसला म्हणून लगेच पूर्ण स्तन काढायला होकार देऊ नका. आधी त्या ठिपक्याची बायोप्सी. खोटे इशारे तो बरेच देतो.