आंबोलीच्या सड्यावरील रात्रीची फेरी : दोन रात्रींचा अनुभव

जूनच्या अखेरीस आंबोलीत मुक्काम असताना तेथील एका स्थानिक मार्गदर्शकाच्या नाइट ट्रेलला, म्हणजे बेडूक-साप पाहण्याच्या रात्रीच्या फेरीला, मी सलग दोन रात्री गेलो. पहिल्या रात्री आम्ही सहा जण होतो. निघण्यापूर्वी त्याने सर्वांना डासांचे मलम लावलेले हात साबणाने धुवायला लावले, कारण बेडूक त्वचेतूनही श्वास घेतो आणि आपल्या हातावरचे रसायन तीच त्वचा शोषून घेते. गमबूटही घासून घेतले, कारण जगभर बेडकांचा संहार करणारी कायट्रिड बुरशी एका पाणवठ्यावरून दुसऱ्यावर चिखलातून जाऊ शकते. इतकी काळजी घेणारी फेरी मी फार थोड्या ठिकाणी पाहिली आहे.

ज्याच्यासाठी मी गेलो होतो, तो आंबोली टोड सड्यावरच, म्हणजे जांभ्या दगडाच्या उघड्या पठारावरच, भेटला. कुशीवर वाघासारखे पिवळसर पट्टे असलेल्या या भेकाचे शास्त्रीय वर्णन 2009 मध्ये प्रसिद्ध झाले आणि आज तो अतिसंकटग्रस्त प्रजातींत मोडतो. जांभ्या दगडाच्या खळग्यांत साचलेल्या उथळ पाण्यात त्याची वीण होते. पावसाने काही दिवस ओढ दिली की पाणी आटते आणि त्याबरोबर पिल्लेही जातात. मार्गदर्शकाने हे सांगताना आम्हाला खळग्यांपासून दूर, एका ओळीत उभे केले, हे मला विशेष आवडले. पुढे पाण्यावर झुकलेल्या फांदीवर मलबारी उडत्या बेडकाचे फेसाचे घरटे दिसले, आणि काही अंतरावर मलबारी चापडा हा विषारी साप झुडपात निश्चल बसलेला होता. त्याच्यावर मार्गदर्शकाने टॉर्च क्षणभरच धरला.

दुसऱ्या रात्री मात्र चौदा जण घेतले होते. छायाचित्रासाठी एकाने चापड्याची फांदी ओढून खाली वाकवली, दुसऱ्याने बेडूक पानावर उचलून ठेवला, आणि मार्गदर्शक संकोचाने गप्प राहिला. विषारी सापाजवळ हे धोक्याचे आहेच, शिवाय विणीच्या मोजक्या दिवसांत प्राण्याला असे हलवणे मला अक्षम्य वाटते. परतताना रस्त्यावर गाडीखाली चिरडलेले तीन भेक दिसले, तेव्हा वाहने थांबवून वाट मोकळी करण्याचा प्रयत्नही कोणी केला नाही.

माणशी 800 रुपये शुल्क पहिल्या रात्रीसाठी मला अगदी योग्य वाटले, दुसरीसाठी नाही. जाणाऱ्यांनी नोंदणी करतानाच तुकडी किती जणांची असेल ते विचारून घ्यावे, शक्यतो शनिवार-रविवार टाळावा, आणि मुक्कामापासून सड्यापर्यंतचे अंतर रात्री गाडीने न जाता चालतच जावे.