तीन अक्षरांच्या नावापायी ८८ हजार गेले

बेळगावात शहापूरला माझं फ्लेक्स-प्रिंटिंगचं दुकान आहे. फसवणारा नात्यातलाच निघाला, म्हणून वर्षभर गप्प बसलो. आता निपाणी-चिकोडीकडेही इंटरनेटवरची नावं, म्हणजे डोमेन (वेबसाइटचे पत्ते), अशीच गळ्यात मारायला बैठका होतायत असं कानावर आलं, म्हणून लिहितोय.

वडगावला एका लग्नात हा मुलगा भेटला. "काका, लोक प्लॉट घेऊन ठेवतात तशी इंटरनेटवरची नावं घेऊन ठेवायची," म्हणाला. त्याने मोबाईलवर जे दाखवलं ते खोटं नव्हतं, आणि तिथेच मी अडकलो. फेसबुकने २०१० मध्ये एफबी डॉट कॉम हे नाव अमेरिकेतल्या शेतकऱ्यांच्या संघटनेकडून ८५ लाख डॉलरना घेतलं. २०१४ मध्ये एका जपानी कंपनीने झेड डॉट कॉमला सुमारे ६८ लाख डॉलर मोजले. इंग्रजी अक्षरं २६, म्हणजे तीन अक्षरांची डॉट कॉम नावं होतात फक्त १७,५७६, आणि त्यातलं एकही मोकळं नाही. हे सगळं खरं आहे.

मग म्हणाला, "आपल्या स्टेशनचा कोड काय? बीजीएम. घ्या की काका, उद्या एखादा मोठा बिल्डर मागत येईल." गाड्यांवर लावायचे बीजीएमचे स्टिकर मी स्वतःच्या हाताने कापलेत. मला ते लगेच पटलं. बायकोची भिशी त्याच महिन्यात लागली होती. त्यातले ६०,००० दिले.

त्याने दिलेलं नाव डॉट कॉमचं नव्हतंच. अक्षरं तीन, पण टिंबापुढचं शेपूट कुठलं तरी नवं. गेल्या दहा-बारा वर्षांत अशी शेकडो शेपटं निघाली आहेत, आणि तीच तीन अक्षरं त्यातल्या प्रत्येकापुढे लागू शकतात. मग ती दुर्मीळ कशी? किंमत असते ती अक्षरं आणि शेपूट मिळून. हे मला पैसे गेल्यावर कळलं. दुसरा फटका नूतनीकरणाचा. साधं डोमेन वर्षाला हजार-बाराशेत चालतं, पण काही नव्या शेपटांची लहान नावं 'प्रीमियम' धरतात आणि दरवर्षी जास्त पैसे घेतात. मला ९,५०० भरावे लागले. नाही भरले तर नाव हातचं जातं. प्लॉट तसा जात नाही.

खरा घाव त्यानंतरचा. दोन महिन्यांनी परदेशातून मेल आला : नाव १२ लाखांना घेतो, पण आमच्या संचालकांना मूल्यांकनाचं प्रमाणपत्र लागतं, ते अमुकच ठिकाणचं हवं. फी १८,५००. मी त्या मुलाला फोन केला. "भरा काका, १२ लाखांपुढे १८ हजार काय?" भरले. दुसऱ्या दिवशी सोनेरी कडेचं प्रमाणपत्र आलं, त्यावर किंमत १४ लाख. मी ते दुकानातच चांगल्या कागदावर छापून देवापुढे ठेवलं. गिऱ्हाइकाचा मेल त्या दिवसापासून बंद.

ही युक्ती जुनी आहे. गिऱ्हाईक आणि प्रमाणपत्रवाला एकच असतो. खरा घेणारा प्रमाणपत्र मागत नाही. तो भाव करतो आणि पैसे एस्क्रोत, म्हणजे मध्यस्थाकडे ठेवतो. नाव त्याच्याकडे गेलं की मध्यस्थ पैसे सोडतो. विकणाऱ्याने आधी फी भरायचा प्रश्नच येत नाही. आणि त्या शेपटाची नावं आजवर कितीला विकली गेली हे नेमबायो नावाच्या वेबसाइटवर बघता येतं. मी ते आधी बघितलं असतं तर भिशी वाचली असती.

पुढे नाव दुसऱ्या कंपनीकडे हलवायला गेलो तेव्हा ऑथ कोड, म्हणजे नाव हलवायला लागणारा गुप्त कोड, मागितला. तो माझ्याकडे नव्हताच. नाव पहिल्यापासून त्या मुलाच्याच खात्यात होतं, मला फक्त पावतीचा कागद मिळाला होता. म्हणून सांगतो, खातं तुमचं, ईमेल तुमचा आणि पासवर्ड तुमचा असल्याशिवाय रुपया देऊ नका.

१९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार केली. पोलिसांत द्यायचा अर्ज शेजारच्या कन्नड शाळेच्या मास्तरांनी बसून लिहून दिला. पैसे जाऊन सात महिने झाले होते, त्यामुळे ज्या खात्यात पैसे गेले तिथे काही उरलं नव्हतं. असं घडलं तर त्याच तासाला फोन करा.

माझ्याबरोबर नाव घेतलेले एक गृहस्थ खानापूरला असतात. परवा त्यांचा आनंदाने फोन आला, गिऱ्हाईक मिळालंय, फक्त प्रमाणपत्र हवंय म्हणून. मी दुकानाचं शटर ओढलं, देवापुढचं प्रमाणपत्र पिशवीत घातलं आणि मिळेल ती बस पकडून खानापूर गाठलं. त्यांनी अजून पैसे पाठवले नव्हते.